ओठांची तालीम

शर्टाचं पहिलं बटण जिथं लागतं, तिथं माझ्या गळ्याला एक भोक आहे. मी त्यातून श्वास घेतो. वर सुती रुमाल बांधतो, धूळ जाऊ नये म्हणून. लोक आधी रुमालाकडे बघतात, मग माझ्याकडे, मग दुसरीकडेच कुठंतरी.

वाचा-उपचाराच्या मॅडम म्हणाल्या होत्या, "सर, तुम्ही लिहिणारे आहात. ज्यांचं हे ऑपरेशन व्हायचंय, त्यांच्यासाठी लिहा. फार घाबरलेले असतात हो." मी मान हलवली आणि पुढचे चार महिने एक ओळ लिहिली नाही. आजाराबद्दल लिहायला बसलो की लेखणी बहिणीकडे जायची. बहिणीचं लिहायचं तर एक जुनी गोष्ट लिहावी लागणार होती. ती मी अठ्ठावीस वर्षं कुणाला सांगितली नव्हती. बायकोलाही नाही.

आता सांगून झाली आहे, म्हणून लिहितोय.

*

मी नशिराबादजवळच्या एका शाळेत मराठी शिकवायचो. घर जळगावात, पिंप्राळ्याला. पण शिक्षक म्हणून मला फार लोक ओळखत नाहीत. ओळखतात ते 'माईकवाले सर' म्हणून.

आमच्याकडच्या लग्नात माईकवर एक माणूस लागतोच. मांडवात कुठल्या गावचे सरपंच आले, कुठल्या सोसायटीचे चेअरमन आले, नवरदेवाच्या मामांचे व्याही आले, सगळ्यांची नावं घेऊन स्वागत करायचं. एक नाव राहिलं की तो माणूस न जेवता निघून जातो. मंगलाष्टकांची वेळ टळली तर चालते, नाव टळलेलं चालत नाही. पंचवीसहून जास्त वर्षं मी हे केलं. घेतलेल्या नावांत चूक काढणारा कुणी भेटला नाही. "सरांचा आवाज असला की रिकामा मांडवही भरलेला वाटतो," असं लोक म्हणायचे आणि मी न ऐकल्यासारखं करून ऐकायचो.

मधल्या वेळात मांडवामागे जनरेटरपाशी जाऊन सिगारेट ओढायचो. विद्यार्थी बघतील म्हणून लपून. लपवण्याची सवय मला जुनीच.

एका लग्नसराईत आवाज घोगरा झाला, तो नीट होईना. ज्येष्ठमध चघळला, हळदीचं दूध प्यालो. मंगला, माझी बायको, म्हणायची, "दाखवून घ्या." मी म्हणायचो, "सीझन आहे, आवाज बसणारच." सहा महिने असेच घालवले. माझ्यासारख्या कुणाचा आवाज तीन आठवड्यांहून जास्त बसलेला असेल, तर त्यानं हा लेख इथंच बाजूला ठेवून आधी दवाखाना गाठावा.

डॉक्टर माझ्या जुन्या विद्यार्थ्यांहून लहान होते. नाकातून दुर्बीण घालून त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. "सर, इथं बघा." मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिलो. तुकडा तपासून आल्यावर ते म्हणाले, "स्वरयंत्र काढावं लागेल."

मंगलानं विचारलं, "मग आवाज?"

"जीव वाचेल, काकू."

"अहो, मी आवाजाचं विचारतेय."

ते कागदावर ऑपरेशनचं लिहू लागले. तेवढ्यानं कळलं.

परत येताना मी स्कूटर मेहरूण तलावाच्या काठाला लावली. मंगलानं शेंगा घेतल्या, आणि त्या तशाच पुडीत राहिल्या. मी म्हणालो, "जळगावात ऑपरेशन नको."

"का?"

"सगळे बघायला येतील."

"मग कुठं?"

"धुळ्याला करू."

ती माझ्याकडे बघत राहिली. धुळ्यात आमचं एकच माणूस होतं. "म्हणजे मी राहणार सिंधूताईंकडे. त्यांच्या खोलीवर गेल्या पाच वर्षांत एकदा तरी पाय ठेवलाय का तुम्ही?"

मी स्कूटर चालू केली.

*

सिंधू माझी धाकटी बहीण, सहा वर्षांनी लहान. पाच वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. वाचली, पण कान गेले. बोलायला शिकलेली होती म्हणून बोलणं राहिलं, पण स्वतःचं ऐकू येत नसल्यानं शब्दांची टोकं झिजत गेली.

ती अठरा वर्षांची झाली तेव्हा नानांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला ऐकायचं यंत्र आणून दिलं. तेव्हाचं यंत्र म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी पेटी. ती खिशात ठेवायची, तिच्यातून निघालेली वायर कानापर्यंत, आणि कानात तिच्याच कानाचं माप घेऊन केलेला गुलाबी साचा. साचा जरा हलला की यंत्र शिट्टी मारायचं. पहिल्या दिवशी सिंधूनं एका तांब्यातलं पाणी दुसऱ्यात आणि दुसऱ्यातलं पहिल्यात असं किती वेळ ओतलं असेल. "भाऊ, पाणी बोलतं," ती म्हणाली. मी घरात माईकची तयारी करू लागलो की ती समोर येऊन बसायची आणि पेटी खिशातून काढून माझ्याकडे धरायची.

वर्षाच्या आत साक्रीकडचं एक स्थळ आलं. मध्यस्थाला आम्ही सांगितलं होतं, 'थोडं कमी ऐकू येतं.' यंत्र दिसलं असतं तर 'थोडं' टिकलं नसतं. मी तेव्हा पंचवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला. घरात माझं ऐकायचे. मी ठरवलं की मुलगी बिनयंत्राची दाखवायची.

आठ दिवस मी तिची तालीम घेतली. दार लावून समोर बसायचो आणि आवाज न काढता नुसत्या ओठांनी विचारायचो. नाव काय? शिक्षण किती झालं? ज्वारीची भाकरी येते का? ती ओठ बघून उत्तर द्यायची. तिला तो खेळ वाटायचा. बरोबर आलं की टाळी मागायची.

पाहुणे आले त्या दिवशी मी मुद्दाम त्यांच्या मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिलो. त्यांनी प्रश्न विचारला की मी तोच त्यांच्या खांद्यावरून ओठांनी म्हणायचो. सिंधू त्यांच्याकडे न बघता पलीकडे बघून उत्तर द्यायची. मुलाची आई म्हणाली, "नजरेला नजर देत नाही. लाजाळू आहे पोरगी." लग्न ठरलं.

पाठवणीच्या आधी तिच्या पिशवीतून मी ती पेटी काढून घेतली आणि माझ्या जुन्या कंपासपेटीत ठेवली. मनाशी म्हटलं, चार दिवस रुळू दे, मग नेऊन देऊ. मग पुन्हा माईक हातात घेऊन पाहुण्यांचे आभार मानले.

सासरी खांद्यामागे उभं राहून ओठ हलवणारं कुणी नव्हतं. सासू हाक मारायची, ही वळायची नाही. चुलीवरचं उतू जायचं, हिला कळायचं नाही. आठ महिन्यांत ती परत आली.

तेव्हा तरी मी ते यंत्र बाहेर काढायला हवं होतं. पण काढलं असतं तर इतके दिवस कुठं होतं, ते सांगावं लागलं असतं. नानांनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "लग्नाच्या घाईत तिनंच कुठंतरी टाकलं असेल." नाना तिच्या तोंडासमोर जाऊन, तिला ओठ दिसतील असे, बोलले, "जपायची एक वस्तू दिली होती तुला! कान परत मिळतात का कुठं?" तिनं सारं घर शोधलं. धान्याच्या कोठीत खांद्यापर्यंत हात घालून शोधलं. मीही शोधू लागलो. ज्या कपाटात ते होतं त्याला पाठ लावून उभा राहून.

नाना पुढं नऊ वर्षं जगले. मंगला लग्न होऊन आली तेव्हा तिनंही त्यांच्या तोंडून हेच ऐकलं, की ह्या पोरीनं कान हरवले. तोवर सिंधू धुळ्याला मावशीकडे गेली होती. तिथं कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत मदतनीस म्हणून लागली, ती अजून तिथंच आहे. पुढं शाळेतल्या बाईंच्या ओळखीनं तिला कानामागं लावायचं लहान यंत्र मिळालं. मी धुळ्याला लग्नात माईकवर बोलायला जायचो तेव्हासुद्धा तिच्या गल्लीत वळायचो नाही.

*

ऑपरेशनचं मी काही सांगत नाही. झोपलो तेव्हा आवाज होता, उठलो तेव्हा नव्हता. ओरडायला तोंड उघडलं आणि गळ्यातून नुसती फुसफुस आली.

नाकातून पोटापर्यंत नळी. तिच्यातून ठरलेल्या वेळी पातळ खाणं. गळ्याच्या भोकात कफ साठला की सिस्टर येऊन दुसऱ्या नळीनं ओढून काढायच्या. ते चालू असताना आपण बुडतोय असं वाटतं. बुडत नाही आपण. तिसऱ्या दिवसापासून मी मनात आकडे मोजायला लागलो. वीसच्या आत संपतं. ज्याला लागेल त्यानं ही युक्ती घ्यावी.

लिहायला पाटी दिली होती. पण एका हाताला सलाईन, झोपून अक्षर वाकडं येई, आणि मंगलाचा चष्मा नेमका खोलीवर राहिलेला असे. एके दिवशी मी तिला काहीतरी सांगायला बघत होतो. ती विचारत होती, "पंखा? उशी? डॉक्टरांना बोलावू? अहो, नीट सांगा ना!" मी तोंड वेडंवाकडं करून पुन्हा पुन्हा तेच म्हणत होतो. माझा राग आणि तिचं रडू दोन्ही काठावर आलेलं. तेवढ्यात दारात डबा घेऊन सिंधू आली. ती कॉटच्या पायथ्याशी थांबली, माझ्याकडे बघितलं आणि आपल्या झिजक्या शब्दांत म्हणाली, "उजव्या पायात गोळा आलाय म्हणतो. पाय ताण त्याचा, वहिनी."

मंगलानं पाय ताणला आणि मग रडून घेतलं.

शेजारच्या कॉटवर शिरपूरकडचे एक आबा होते, सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातले, गळ्यावरची गाठ काढायला आलेले. ते उठून बसले आणि हिला सगळं कसं समजतं ह्याचं नवल करत अहिराणीत म्हणाले, "गुरुजी, हाई बहीन शे का तुमनी? तिले कान नहीत तरी बठ्ठं समजस. आम्हले दोन दोन कान शेतस, काय उपयोग!"

सिंधूनं त्यांच्याकडे बघितलं. "आबा, तुम्ही तंबाखू काढा तोंडातून, मग तुमचेपण ओठ वाचते."

आबांनी गादीखाली दडवलेली पुडी आणखी आत सरकवली. सारा वॉर्ड हसला. मीही हसलो असेन, पण हसण्याचाही आवाज येत नाही हे मला तेव्हा कळलं.

त्या दिवसापासून ती शाळेतल्या मुलांचा नाश्ता उरकून डॉक्टरांच्या राऊंडला हजर राहू लागली. मी ओठ हलवायचो, ती डॉक्टरांना सांगायची. दुखतं कुठं, जळजळ कधी होते, भीती वाटते ती कशाची. एकदा डॉक्टरांनी कौतुकानं विचारलं, "तुम्हाला कसं कळतं हो? आम्हाला तर एक शब्द लागत नाही."

"भाऊनं शिकवलंय," सिंधू म्हणाली.

"लहानपणी?"

"नाही. माझ्या लग्नाच्या आधी." आणि ती हसली. तिच्या हसण्यात मला तरी काही टोचणारं दिसलं नाही. तेच जास्त लागलं.

मी भिंतीकडे तोंड केलं. "थकलाय," तिनं डॉक्टरांना सांगितलं. माझे ओठ दिसत नसले की ती माझ्या वतीनं चांगलंच काहीतरी गृहीत धरायची.

*

गळ्याची जखम भरली, मग किरणांचे शेक झाले, मग वाचा-उपचाराच्या मॅडमनी ते यंत्र हातात दिलं. दिसायला दाढीच्या मशीनसारखं. गालाला किंवा हनुवटीखाली टेकवायचं, बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. यंत्र गुणगुणतं, त्या गुणगुणण्याचे आपण शब्द करायचे. "सावकाश, सर. एकेक शब्द सुटा," मॅडम म्हणाल्या. मी माझं नाव उच्चारलं. पिठाच्या गिरणीनं माझं नाव घेतल्यासारखं वाटलं.

पिंप्राळ्याला परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. मशीन लावून म्हणालो, "साखर." दुकानदार माझ्या खिशाकडे बघून म्हणाला, "सर, तुमचा फोन वाजतोय बघा." मागच्या बाईचं पोर हसलं. मी साखर न घेता घरी आलो, मशीन टेबलाच्या खणात टाकलं आणि पाटी घेतली.

पाटी म्हणजे मंगलाचा जाच. तिच्या हातात लाटणं असायचं आणि मी तिच्या नाकासमोर पाटी धरून उभा. एके दिवशी तिनं ती पाटी हातातून घेऊन ओट्यावर आपटली. "किती वेळा वाचू? पोळी करपतेय माझी. चांगलं बोलायचं यंत्र दिलंय, ते काय पूजेला ठेवलंय?" मग तिनं सिंधूला व्हिडिओ कॉल लावला आणि माझी तक्रार केली.

रविवारी दुपारी सिंधू जळगावला आली. पाणी प्यायली आणि मला म्हणाली, "मशीन कुठंय?"

मी ओठांनी म्हणालो, "बिघडलंय."

तेच ओठ आणि समोर तीच सिंधू. तिनं चटकन विश्वास ठेवला. "दे, मी शाळेत दाखवते. आमच्याकडे दुरुस्त करणारे येतात," असं म्हणून हात पुढं केला.

तो पसरलेला हात मला बघवला नाही. मी उठलो, माळ्यावरची पेटी उतरवली आणि तिच्या तळातली कंपासपेटी आणून तिच्या हातावर ठेवली. तिनं उघडली. आत ती पेटी, गुंडाळलेली वायर, गुलाबी साचा. सेल फुटून हिरवं झालेलं.

मी सांगायला लागलो. आवाज न काढता, ओठांनी. मंगला स्वयंपाकघरात होती. खोलीत कुणी आलं असतं तरी त्याला नुसता तोंड हलवणारा माणूस दिसला असता. साक्रीचे पाहुणे, पाठवणीची पिशवी, नाना, धान्याची कोठी, कपाट. सिंधू एकदाही माझ्या तोंडावरून नजर न काढता वाचत राहिली. संपल्यावर मला हलकं वाटलं, हेही सांगून टाकतो. वाटलं, झालं एकदाचं.

सिंधू म्हणाली, "मशीन लाव."

मी टेबलाच्या खणाकडे बघितलं.

"बिघडलेलं नाही ना? मग काढ. मशीन लाव आणि आवाजात सांग. नुसत्या ओठांनी खूप झालं." मग मोठ्यानं, तिला जमेल तेवढ्या मोठ्यानं, "वहिनी! बाहेर ये."

मंगला हात पुसत आली. मी खणातून मशीन काढून हनुवटीखाली लावलं. बटणावरचा अंगठा घसरत होता. "सिंधूचं. यंत्र. मी. लपवलं. तिनं. हरवलं. नव्हतं."

मंगलाला कळलं नाही. "काय? कुठलं यंत्र?"

"पुन्हा," सिंधू म्हणाली.

मी पुन्हा सांगितलं. सगळं. मोठं वाक्य ह्या मशीनमध्ये धड निघत नाही. सबब सांगायला मोठी वाक्यं लागतात, त्यामुळे सबबी आपोआप गळाल्या. हजार माणसांसमोर न अडखळता बोललेला मी, दोन बायकांपुढं एकेक शब्द ढकलत होतो.

मंगला खुर्चीवर बसली. कंपासपेटीकडे बघून तिनं विचारलं, "नाना त्यांना बोलायचे, तेव्हा तुम्ही तिथंच असायचात ना?"

मी 'हो' म्हणालो. यंत्राला 'ह' म्हणता येत नाही. 'ओ' ऐकू आलं. तेवढं तिला पुरलं.

सिंधूनं साचा पदरानं पुसला. मग कानामागचं आपलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं आणि तो जुना साचा कानात घालून बघितला. आधी सरळ, मग जरा वळवून. नाही गेला. वयानं कानही बदलतात, हे तिच्या शाळेत तिला पाठ असणार. तरी तिनं घालून बघितला.

"बसत नाही आता," ती म्हणाली.

तिनं सगळं कंपासपेटीत भरलं आणि पेटी आपल्या पर्समध्ये ठेवली. मंगला म्हणाली, "ताई, जेवून जा." ती म्हणाली, "बस आहे." मी पोचवायला उठलो तर मंगलानं मला हातानं बसवलं आणि स्वतः गेली. पुढचे दोन दिवस मंगला माझ्याशी बोलली नाही.

*

आता मी मशीन खिशात ठेवतो. रात्री न चुकता चार्ज करतो. दुकानदार अजून कधीकधी म्हणतो, "सर, फोन." मी हनुवटीखाली लावून सांगतो, "फोन नाही. मीच." तोही हसतो. हे लिहिलेलं वाचून कुणी विचारेल की लाज जाते का. मशीनची गेली. चार महिने लागतात, पण जाते. ज्यांच्या घरी नवीन पेशंट आहे त्यांना एकच सांगणं आहे. त्याला यंत्र खणात टाकू देऊ नका. आणि दुसऱ्या कुणाचं यंत्र तुम्ही स्वतः खणात टाकलेलं असेल, चार लोकांत बरं दिसावं म्हणून, लग्नापुरतं, पाहुण्यांपुरतं, तर आजच काढून त्याच्या हातात द्या.

सिंधूनं मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. ती व्हिडिओ कॉल करते, पण मंगलाला. मी मागे उभा असलो तर म्हणते, "उजेडात ये, दिसत नाहीस." तेवढंच.

हे सगळं लिहून झाल्यावर मी कागद धुळ्याला पाठवले. सोबत चिठ्ठी ठेवली, की तुला नको असेल तर फाडून टाक, आणि ठेवायचं असेल तर नाव बदलू का ते कळव. पंधरा दिवसांनी कागद परत आले. आपल्या नावाखाली तिनं 'नाव खरंच राहू दे' असं लिहिलं होतं. बाकी कुठं काही नाही. फक्त एका जागी, 'आठ महिन्यांत ती परत आली' असं मी लिहिलंय तिथं, तिनं निळ्या पेनानं 'आठ' खोडून वर 'अकरा' लिहिलं आहे.

मला आठच आठवत होते. माझी चूक दिसावी म्हणून वर मी ते तसंच ठेवलं आहे.